अर्धं तिकीट, अख्खी वाट

अकरा हा आकडा कंडक्टरच्या डोक्याला ताप आहे. दहाची नोट प्रत्येकाकडे असते, वरचा रुपया कुणाकडेच नसतो. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा टप्पा 8 रुपये 70 पैशांवरून 10 रुपये 5 पैशांवर गेला आणि पहिल्या टप्प्याचं तिकीट मशीनमधून अकराचं निघू लागलं. सुट्ट्यावरून इतकी तूतू-मैंमैं झाली की तिकिटाचे पैसे यूपीआयने द्या, असं परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांना सांगावं लागलं. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या गाडीत पदराच्या गाठीत पैसे बांधून बसलेल्या आजीसाठी यूपीआय म्हणजे नातवाचा मोबाईल, आणि नातू पुण्याला.

आजी पंच्याहत्तरच्या पुढची असेल तर तिचा प्रश्नच मिटतो. 26 ऑगस्ट 2022 पासून तिला एसटी मोफत आहे. फक्त वयाचा पुरावा हवा. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस आधार कार्डावर 1 जानेवारीला असतो. तो आईने दिलेला नव्हे, केंद्रावरच्या पोराने दिलेला. त्यात काही वर्षं इकडं-तिकडं झाली की सत्तरीच्या आतली म्हातारी पंच्याहत्तरीची होते आणि ऐंशीची म्हातारी अर्ध्या तिकिटावर बसते.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत फिरताना माझ्या वहीत एक सरळ प्रश्न लिहिलेला होता: भाडेवाढीबद्दल तुमचं म्हणणं काय? पहिल्या दोन दिवसांतच तो खोडला. उत्तर कुणी देत नव्हतं असं नाही. उत्तराआधी मलाच प्रश्न यायचा. अमुक गावची गाडी लागली का? ती चारची अजून चालू हाय का? माझ्या हातात वही बघून लोकांना मी चौकशी खिडकीतला वाटायचो. नंतर लक्षात आलं की हा गैरसमज नव्हता, हेच उत्तर होतं. भाड्याचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. गाडीची वेळ मात्र रोज नव्याने विचारावी लागते.

भाडं वाढतं तेव्हा ती बातमी होते. मुंबईत बैठक होते, टक्केवारी ठरते, मध्यरात्रीचा मुहूर्त निघतो, विरोधक आंदोलन करतात. ऑक्टोबर 2021 मध्ये 17.17 टक्के वाढ झाली तेव्हा हेच झालं. 2025 मध्ये दिवाळीच्या गर्दीच्या दिवसांसाठी दहा टक्के हंगामी वाढ जाहीर झाली आणि मराठवाडा पुरात असताना ही वाढ कशी, असा ओरडा होताच दसऱ्याच्या तोंडावर ती मागे घेतली गेली. ओरडा झाला की भाडं मागे येऊ शकतं, हे यातून दिसलं. पण एखाद्या गावाची संध्याकाळची फेरी बंद होते तेव्हा टक्केवारी नसते, मुहूर्त नसतो, ओरडाही नसतो. दोन दिवस गाडी येत नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी आगारात फोन लावतो. आठवड्याने लोक विचारणं सोडतात. महिन्याने पोरं दुसरी सोय लावतात. भाडेवाढ कागदावर राहते, बंद फेरी फक्त गावाच्या आठवणीत राहते.

एसटीच्या भाषेत यासाठी एक शब्द आहे, भारमान. गाडीच्या क्षमतेच्या किती टक्के प्रवासी बसले, त्याचा हिशोब. कुठली फेरी ठेवायची आणि कुठली काढायची, हे ठरवताना आगारात हा शब्द वजनदार असतो. हिशोब म्हणून तो चुकीचा नाही. डिझेल, टायर, पगार यांचं बिल कुणालातरी भरायचं आहेच; महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेल्याचं 2025 मध्ये निघालेल्या श्वेतपत्रिकेनेच सांगितलं. पण भारमानाला एक खोड आहे. गाडी दोनदा चुकली की लोक तिसऱ्या दिवशी तिची वाट बघत नाहीत, फाट्यावर जाऊन काळी-पिवळी जीपमध्ये बसतात. मग भारमान घसरतं. घसरलं म्हणून फेरी काढली जाते. कागदावर लिहिलं जातं: प्रवासी नाहीत. प्रवासी फाट्यावर उभे असतात, जीपच्या मागच्या फळीवर एक पाय ठेवून.

ही सवय एका संपाने पक्की केली. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस राज्य शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. सहा महिने. कामगारांची बाजू खोटी नव्हती, पगाराचे वांधे आणि त्यापायी झालेल्या आत्महत्या मराठवाड्याने जवळून पाहिल्या. पण सहा महिन्यांत गावाची घडी बदलते. त्याआधी करोनात गाड्या उभ्याच होत्या. संप मिटला, वाहक-चालक कामावर आले, गाड्या मात्र पूर्वीइतक्या उरल्या नव्हत्या. आज राज्यभरात दिवसाला पन्नास-पंचावन्न लाख लोक एसटीने जातात हे खरं, पण करोनाआधी हा आकडा याहून मोठा होता. मधले लोक कुठे गेले, हे बघायला लोहा किंवा चाकूरच्या फाट्यावर सकाळी अर्धा तास उभं राहिलं तरी पुरे.

इथला सार्वजनिक प्रवास एसटीहून जुना आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जून 1932 मध्ये निजाम स्टेट रेल्वेने 27 गाड्या आणि 166 माणसांनिशी हैदराबाद संस्थानात रस्ते वाहतूक खातं काढलं. पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली ती सोळा वर्षांनी, 1 जून 1948 रोजी. त्या दिवशी नांदेड आणि लातूर अजून निजामाच्याच राज्यात होते. मुक्ती आली 17 सप्टेंबरला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि इथल्या गाड्या यथावकाश एसटीत मिसळल्या. हैदराबादची बस गेली तरी हैदराबादची ओढ गेली नाही. देगलूर-बिलोलीची पाहुणेमंडळी आजही निजामाबादेत सापडतात आणि उदगीरकराला बिदर हा परदेश वाटत नाही.

या ओढीमुळेच इथला प्रवासी भाड्याची तुलना मुंबई-पुण्याशी करत नाही. तो शेजारच्या गाडीकडे बघतो. महाराष्ट्राने 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट दिलं. त्याच वर्षी 11 जूनला कर्नाटकात शक्ती योजना आली आणि 9 डिसेंबरला तेलंगणात महालक्ष्मी. दोन्हीकडे त्या-त्या राज्यातल्या बायकांना साध्या गाड्या पूर्ण मोफत. उदगीरच्या स्टँडवर बिदरची गाडी लागते तेव्हा हा हिशोब डोळ्यांसमोर मांडलेला असतो. इकडची बाई अर्धं तिकीट काढते, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढे पूर्ण. तिकडच्या बाईला आपल्या राज्यातल्या साध्या गाडीत शून्याचं तिकीट मिळतं. लेक दिलेली असते सीमेपलीकडे, म्हणजे मायलेकींचं भाडंच वेगळं. माय पैसे मोजते, लेक आधार कार्ड दाखवते.

अर्ध्या तिकिटावरून बसमध्ये पुरुषांची कुजबुज असते. बायका अर्ध्यात, म्हातारे फुकट, पोरी पासवर, मग पूर्ण भाडं भरायचं कुणी, आम्हीच का? हे ऐकायला व्यवहारी वाटतं, पण ही रक्कम शेजारच्या प्रवाशाच्या खिशातून जात नाही. सवलतीची भरपाई सरकारने महामंडळाला द्यायची असते. ती वेळेवर मिळते का, यावर वेगळं बोलता येईल. मला उलटं दिसलं. आठवडी बाजाराला, माहेरी, दवाखान्यात जायला बाईला आता घरात पैसे मागताना निम्मंच तोंड उघडावं लागतं. नांदेडच्या वजिराबादच्या रस्त्यावर खरेदीला आलेल्या बायकांच्या पिशव्या बघाव्यात. सवलतीने गाड्या भरल्या. चूक झाली असेल तर एवढीच की प्रवासी वाढवले तेव्हा गाड्या वाढवल्या नाहीत. आणि ज्या गावाला गाडीच जात नाही तिथं अर्धं तिकीट म्हणजे शून्याचं अर्धं. काळी-पिवळीवाला अर्धं भाडं घेत नाही. तिथं बाई पूर्ण पैसे देते आणि मांडीवर दुसऱ्याचं लेकरू घेऊन बसते.

मुक्कामी गाडीविषयी इथं जरा थांबायला हवं. शहरात वाढलेल्या वाचकाला हा शब्द ठाऊक नसेल. संध्याकाळी तालुक्याहून सुटलेली शेवटची गाडी आडगावात जाते, तिथंच रात्रभर उभी राहते आणि पहाटे तिथूनच सुटते. चालक-वाहक देवळात, शाळेच्या ओसरीत नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत पाठ टेकतात. कुणीतरी भाकरी आणून देतं. या एका गाडीवर गावाचं केवढं काही टांगलेलं असतं! तालुक्याला कोर्टात, तहसिलात, बँकेत गेलेल्या माणसाला काम उरकून परत येता येतं. बाळंतपणाला नेलेल्या बाईच्या सासूला रात्री घरी येऊन सकाळी डबा घेऊन परत जाता येतं. आणि पोरी. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, इतर विद्यार्थ्यांना तिसरा हिस्सा भरून पास मिळतो. पास मिळवायला आता आगारात रांग लावायचीही गरज उरली नाही, शाळेतच देण्याची सोय केली आहे. चांगली गोष्ट आहे. पण आठवीनंतर शाळा तालुक्याला असेल आणि पहाटेची गाडी गेली तर मोफत पास दप्तरातल्या नकाशासारखा राहतो. गावं दाखवतो, तिथं नेत नाही. मुलगा मग मित्राच्या मोटरसायकलवर तिसरा बसून जातो. मुलीचं काय होतं, हे लग्नसराईत समजतं.

भाडं न सांगताही वाढतं. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात ढग फुटावा तसा पाऊस झाला, हसनाळमध्ये माणसं गेली, सप्टेंबरात लातूर-धाराशिवपर्यंत नद्या रस्त्यावर आल्या. पूल खचले, मार्ग वळवले गेले. वळसा पडला की टप्पे वाढतात, टप्पे वाढले की तिकीट वाढतं. पुराने भाडेवाढ होते ती अशी, जाहीर न होता. त्यावर फारसं कुणी बोलत नाही. वाहून गेलेल्या सोयाबीनपुढे दोन टप्पे काय.

आता शहरांकडे. नांदेड गोदावरीच्या उत्तर काठावर वाढलेलं शहर, पण गेल्या चार दशकांत त्याने नदी ओलांडली. सिडको-हडको वसले, विष्णुपुरीला विद्यापीठ आलं, अभियांत्रिकी महाविद्यालय होतंच, पुढे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही वजिराबादेतून तिकडे हललं. शहराच्या मध्यात चालत जाता येणारा सरकारी दवाखाना गाव ओलांडून पलीकडे गेला. किनवट-माहूरहून शंभरावर किलोमीटर एसटीने आलेला रुग्णाचा नातेवाईक स्टँडवर उतरतो तेव्हा त्याचा प्रवास संपत नाही, महाग होतो. कारण पुढचा तुकडा रिक्षाचा. 2008 च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्यासाठी आणि नेहरू नागरी अभियानात शहराचे रस्ते रुंद झाले, पूल झाले. त्या रुंद रस्त्यांवर आज माणूस वाहून नेते ती मुख्यतः रिक्षा.

रिक्षात दोन भाव असतात: सीट आणि स्पेशल. सीटचा भाव लिहिलेला कुठेच नसतो, तो शहराला तोंडपाठ असतो. तरोडा नाका ते शिवाजीनगर, वजिराबाद ते लातूर फाटा, देगलूर नाका ते स्टेशन. विचारणारा माणूस परगावचा, हे विचारण्यावरूनच कळतं. मीटर असतो, पण तो देव्हाऱ्यातल्या टाकासारखा, पूजेपुरता. मला रिक्षावाल्यांचा राग येत नाही. महापालिकेने जे काम करायला हवं ते हे लोक कर्जाच्या हप्त्यावर करतात. पण सीटच्या रिक्षेला एक मर्यादा आहे. ती भरल्याशिवाय निघत नाही आणि रात्री आठनंतर भरत नाही. मग सगळंच स्पेशल. रात्रीच्या गाडीने उतरलेल्या माणसाला शेवटचे सात किलोमीटर कधीकधी आधीच्या सत्तर किलोमीटरांइतके पडतात.

लातूरची गोष्ट थोडी वेगळी, कारण लातूर गोल आहे. गंजगोलाई बांधली गेली 1917 मध्ये, तिला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि शंभर वर्षांनंतरही शहराची रहदारी तिथेच येऊन अडकते. पण प्रवासी बदलला. पूर्वी तो डाळींच्या अडतीवर येणारा शेतकरी होता, आता पाठीवर बॅग लावलेलं सतरा वर्षांचं पोरगं आहे. लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांसाठी नांदेड, परभणी, बीडहून आलेली ही मुलं खोली करून राहतात आणि दिवसातून चार फेऱ्या मारतात: खोली, क्लास, मेस, अभ्यासिका. त्यांना शहराचा नकाशा बारा महिन्यांत पाठ होतो आणि मग ती जातात. लातूर महापालिकेने शहर बस चालवली, राज्याच्या अर्ध्या तिकिटाआधीच आपल्या शहर बसमध्ये बायकांना मोफत प्रवास दिला. हे पाऊल मोठं होतं आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही. मात्र मुली बोलत होत्या त्या फुकटपणाबद्दल नव्हेच. क्लास सुटतो त्या वेळेला बस असेल का, हा त्यांचा प्रश्न. नसेल तर फुकट बस सोडून पैशाची रिक्षा.

पंतप्रधान ई-बस सेवा योजना ऑगस्ट 2023 मध्ये आली ती तीन लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी. 2011 च्या जनगणनेप्रमाणे नांदेड साडेपाच लाखांचं, लातूर पावणेचार लाखांच्या वर. दोघंही चौकटीत बसतात. बस विजेची असो की डिझेलची, तिचा मार्ग कोण आखणार, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नांदेडला विष्णुपुरी आणि लातूरला अंबाजोगाई, औसा, बार्शी हे तिन्ही रस्ते कुणाला कधी लागतात, हे रिक्षावाल्यांना माहीत आहे. त्यांना कुणी विचारलेलं मला तरी आढळलं नाही.

रस्ता बदलल्यावर लातूरकर चिडतो की नाही, हे पाहायचं तर रेल्वे बघावी. लातूरला नॅरोगेज आली 1911 मध्ये, बार्शी लाइट रेल्वेची. तिचं स्टेशन गावात होतं. ब्रॉडगेज झाली, वेग आला, आणि स्टेशन शहराच्या बाहेरच्या अंगाला गेलं. पुन्हा तोच शेवटचा तुकडा, पुन्हा रिक्षा. पण मुंबईची गाडी होती, हक्काची. रात्री बसायचं, पहाटे मुंबई. 2017 च्या उन्हाळ्यात हीच लातूर-मुंबई एक्सप्रेस बिदरपर्यंत वाढवली तेव्हा लातूर पेटलं. लोक रस्त्यावर उतरले, सगळे पक्ष एका बाजूला आले. म्हणणं साधं होतं: आमच्या गावाहून सुटणारी रिकामी गाडी आता मागून भरून येणार. जनरल डब्यात उभं राहून पुण्यापर्यंत गेलेल्या माणसाला हे म्हणणं समजावून सांगावं लागत नाही. तडजोड म्हणून आज ती गाडी चार दिवस लातूरहून आणि तीन दिवस बिदरहून सुटते.

या भांडणात उदगीर कुणालाच आठवलं नाही. उदगीर लातूर जिल्ह्यातलंच. गाडी बिदरला गेली म्हणून उदगीरकराला दारात मुंबईची गाडी मिळाली. जिल्ह्याच्या ठिकाणी गाडी पळवल्याच्या घोषणा चालल्या होत्या आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या तालुक्याला ती मिळाली होती. मार्ग बदलला की कुणाचं तरी जातं आणि कुणाला तरी मिळतं. आरडाओरडा गमावणाराच करतो, मिळालेला गुपचूप आरक्षण काढतो.

आणि मुक्कामी गाडीसाठी कधी रेल रोको होत नाही, बंद पुकारला जात नाही. मुंबईची गाडी ज्यांची ती माणसं निवेदन लिहू शकतात, त्यांच्या ओळखी असतात, त्यांच्यामागे व्यापाऱ्यांचं चेंबर असतं. पहाटेच्या फेरीच्या बाजूने दहावीतल्या मुली असतात.

करोनाच्या काळात पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचं नाव लावून दहाचं किमान तिकीट तीस केलं गेलं, ते फेब्रुवारी 2024 मध्ये पुन्हा दहावर आलं. तीन-साडेतीन वर्षं लोकांनी तिप्पट पैसे भरले. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च 2020 मध्ये गेली ती परत आलीच नाही. रेल्वेच्या या भाड्यांवर नांदेड-पूर्णा पट्ट्यात कुरकुर आहे, पण ती थकलेल्या माणसाची कुरकुर आहे. ऑगस्ट 2025 अखेर जालन्याची वंदे भारत नांदेडहून सुटू लागली, फोटो निघाले. लातूरला तर वंदे भारतचे डबे करायचा कारखाना उभा आहे. मात्र नांदेडहून लातूरला रेल्वेने जायचं म्हटलं तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा प्रदक्षिणेचा मार्ग, म्हणून शहाणा माणूस लोहा-अहमदपूर-चाकूर करत एसटीने जातो. चोवीस-पंचवीस टप्प्यांचा हा प्रवास जानेवारी 2025 च्या वाढीने बत्तीस-चौतीस रुपयांनी महागला. विचारलं तर लोक म्हणतात, ठीक आहे, रस्ता चांगला झाला, वेळ वाचतो. वेळेपुढे तीस रुपये कुणी मोजत नाही. रोजगार बुडतो तो तासांनी.

शेवटच्या फेरीत मी कंधार तालुक्यातल्या एका गावी मुक्कामी गाडीने गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की कुणीतरी भारमान काढायचा. गाडीत सोळा माणसं होती. चालक-वाहकाची झोप हनुमानाच्या देवळात. वाहकाने पैशाची बॅग उशाला घेतली आणि चालकाने मोबाईलवर पहाटे पाचचा गजर लावला. गावाला गजर लागला नाही. साडेपाचला इंजिन सुरू झालं तसं दार-दार उघडायला लागलं, चुली धुरायला लागल्या. सहा मुली, सगळ्यांच्या गळ्यात पासची प्लॅस्टिकची पिशवी. दुधाचे दोन कॅन. एक बाई डबा घेऊन, दवाखान्यात कुणीतरी असणार. सगळ्यांत मागे एक म्हातारा शेतकरी चढला, पुढच्याच थांब्यावर उतरणारा. त्याने वाहकाच्या हातात दहाची नोट ठेवली. नोटेच्या आत एक रुपयाचं नाणं गुंडाळलेलं होतं.